उत्तर बरोबर, रीत कुठे?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला होता. अट एकच घातली होती, जेवणानंतरचं सत्र आहे तेव्हा लोकांना झोप येईल असं काही नको. म्हणून मी गणित निवडलं. हसू नका. गणिताच्या तासाला आपल्यापैकी कुणाला झोप लागल्याचं मला आठवत नाही. भीतीनं का होईना, सगळे टक्क जागे असायचे.

माझ्यामागे फळ्यावर एक संख्या लिहिली आहे. स्मरणिकेत वाचणाऱ्यांसाठी ती इथे पुन्हा देते :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंक आहेत. एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत गेलं तरी अठरा अंकच होतात, म्हणजे ही आपल्या पाढ्यांच्या वहीबाहेरची संख्या. पण ती तयार करायला सोपी आहे. २ ला २ ने गुणत राहायचं, असे एकूण १२७ दोन घ्यायचे आणि आलेल्या गुणाकारातून १ वजा करायचा. अशा संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. दरवेळी '२ चा १२७ वा घात वजा १' म्हणायला नको म्हणून मी तिला म-१२७ म्हणेन. त्याच हिशोबानं म-३ म्हणजे ७, म-५ म्हणजे ३१, म-७ म्हणजे १२७.

आता विधान असं की म-१२७ ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही पूर्ण भाग जात नाही. हे मी सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत. पण आपले सर उत्तरपत्रिकेत लाल शाईनं एक शब्द लिहायचे, 'रीत?' उत्तर बरोबर असलं तरी लिहायचे. आज मला त्या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे, कारण या संख्येचा सगळा इतिहास त्या शब्दाभोवती फिरतो.

मारें मेर्सेन हा सतराव्या शतकात पॅरिसला राहणारा फ्रेंच मठवासी. फर्मा, देकार्त असे त्या काळचे मोठमोठे लोक त्याला पत्रं लिहायचे आणि एकाचं म्हणणं तो दुसऱ्याला कळवायचा. एका माणसाचं टपाल खातंच म्हणा. १६४४ साली त्यानं एका पुस्तकात लिहिलं की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांनाच मूळ संख्या मिळते, बाकी सगळ्या संयुक्त. रीत दिली नाही. त्या काळी हाती असलेल्या साधनांनी त्यातल्या मोठ्या संख्या तपासणं कुणालाच शक्य नव्हतं, हे त्याच्या समकालीनांनाही कळत होतं. तरी ती यादी अडीचशे वर्षं पुस्तकातून पुस्तकात उतरवली गेली.

घातांक संयुक्त असेल तर प्रश्नच येत नाही. सहाचं उदाहरण घ्या, २ चा ६ वा घात वजा १ म्हणजे ६३, म्हणजे ७ गुणिले ९. घातांक मूळ असेल तरच शक्यता उरते. २५७ पर्यंत मूळ संख्या आहेत पंचावन्न. तेव्हा मेर्सेननं पंचावन्न प्रश्नांची उत्तरं दिली असं समजू. १९४७ पर्यंत ती सगळी तपासून झाली आणि पाच चुकली होती. ६७ आणि २५७ यादीत नको होते, आणि ६१, ८९, १०७ हे तीन राहून गेले होते. पंचावन्नपैकी पन्नास! दहावीला एवढे मिळाले असते तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेढे वाटले असते. पण जरा थांबा. खरं उत्तर 'मूळ' असलेले घातांक आहेत फक्त बारा. म्हणजे ज्यानं डोळे मिटून सगळीकडे 'संयुक्त' लिहिलं असतं, त्यालाही त्रेचाळीस मिळाले असते. नुसत्या उत्तरांना गुण द्यायला सर का तयार नसायचे, ते इथे दिसतं.

आणि १२७ चं त्याचं उत्तर बरोबर होतं. गंमत तीच आहे. बरोबर होतं, पण माहीत नव्हतं. तीनपैकी दोन मोठे अंदाज चुकले आणि एक लागला, याला ज्ञान म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

मग तपासायचं कसं? शाळेत आपण शिकलो की वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून बघायचं. एकानंही भाग गेला नाही की संख्या मूळ. म-१२७ चं वर्गमूळ साधारण १३ वर १८ शून्यं एवढं येतं. सेकंदाला एक भागाकार केला तर सुमारे ४१ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. सम संख्या गाळल्या तर अर्धी वर्षं वाचतात, पण त्यानं काय होतंय!

थोडी हुशारी करता येते. म-१२७ ला विभाजक असलाच तर त्याला २५४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. घातांकाची दुप्पट, तिची पट आणि वर एक. याचं कारण फर्माच्या एका प्रमेयात आहे, ते आज सोडते. तुमच्या समाधानासाठी एवढं बघा : म-११ म्हणजे २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. २२ ची एक पट अधिक १ म्हणजे २३, चार पट अधिक १ म्हणजे ८९. आणखी एक चाळणी अशी की विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च राहते. ऑयलरनं १७७२ मध्ये याच चाळण्या लावून म-३१, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. त्याला तपासायला उरल्या पावणेचारशेच्या आतल्या संख्या, आणि त्यातल्याही ज्या स्वतः संयुक्त त्या गाळता येतात. काही दिवसांचं काम.

(ही म-३१ तुमच्या ओळखीची आहे. अनेक जुन्या संगणक यंत्रणांमध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि त्या खान्यात मावणारी सर्वात मोठी संख्या हीच आहे. ती भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. आपल्यापैकी जे तोवर निवृत्त झाले नसतील त्यांनी लक्ष ठेवावं.)

दोन्ही चाळण्या लावूनही म-१२७ साठी लागणारा वेळ ८० कोटी वर्षांच्या खाली येत नाही. म्हणजे भागून बघण्याचा रस्ता बंद. इथे प्रश्न बदलावा लागतो. एकही भागाकार करून न पाहता 'विभाजक नाही' असं खात्रीनं म्हणता येईल का?

ते जमवलं एका शाळामास्तरानं. एदुआर लुकास, जन्म १८४२, गाव आमियां. फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात होता, नंतर पॅरिसच्या शाळांमध्ये वरच्या वर्गांना गणित शिकवायचा. त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याचा खेळ तुम्ही खेळला आहात. वहीच्या मागच्या पानावर ठिपके काढून, एकेक रेघ मारत चौकोन पूर्ण करायचे आणि आत आपल्या नावाचं अक्षर लिहायचं, आठवतंय? शेवटच्या बाकावरच्या मंडळींना नक्की आठवत असणार. तो खेळ छापून प्रसिद्ध करणारा पहिला माणूस लुकास. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा 'हनोईचा मनोरा' हे कोडंही त्याचंच, १८८३ चं. त्याच्याबरोबर एक कथा सांगितली गेली की काशीच्या देवळात पुजारी ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसले आहेत आणि त्या हलवून झाल्या की जगाचा अंत. किती चाली लागतील? २ चा ६४ वा घात वजा १. पुन्हा तेच रूप! ही मात्र मूळ नाही, ६४ सम असल्यानं तिला ३ ने भाग जातो.

लुकासनं १८७६ मध्ये म-१२७ मूळ असल्याचं जाहीर केलं. त्याची रीत आता मी फळ्यावर करून दाखवते. आज वापरतात ते रूप पुढे १९३० च्या सुमारास डेरिक लेहमर यांनी सुटसुटीत केलं, कल्पना लुकासचीच.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा. आलेल्या संख्येला तुमच्या मेर्सेन संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. एवढंच.

३१ घेऊ. घातांक ५, म्हणजे तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२; बाकी शून्य. झालं.

१२७ ला पाच पायऱ्या. ४ नंतर १४, मग ६७, ४२, १११ आणि शून्य. आता म-११, ती २०४७. नऊ पायऱ्या : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे संयुक्त. इथे एक गोष्ट नीट बघा. या आकडेमोडीत २३ कुठे दिसला? ८९ कुठे दिसला? कुठेच नाही. संख्या फुटते हे कळलं, कुठे फुटते ते कळलं नाही.

म-१२७ ला अशा १२५ पायऱ्या लागतात. ८० कोटी वर्षांच्या जागी १२५ वर्ग!

सर, तुम्ही आता विचारणार की हे चालतं का? सगळी सिद्धता सांगत नाही, पण गाभा सांगते, कारण तो सुंदर आहे. ही मालिका मुळात '२ अधिक वर्गमुळात ३' या संख्येच्या घातांपासून बनते आणि प्रत्येक पायरीला घात दुप्पट होतो. समजा म-१२७ संयुक्त आहे. मग तिचा सर्वात लहान मूळ विभाजक तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. त्याला क म्हणू. सगळं गणित आता क ने भागून उरणाऱ्या बाक्यांमध्ये करायचं. या छोट्या जगात 'अमुक अधिक तमुक गुणिले वर्गमुळात ३' अशा, शून्य सोडून, फार तर क चा वर्ग वजा १ एवढ्याच संख्या असतात. ही झाली वर्गातली बाकं. दुसरीकडे, १२५ व्या पायरीला शून्य आलं असेल तर त्यावरून निघतं की आपल्या संख्येचे २ चा १२७ वा घात एवढे घात एकमेकांपासून वेगळे आहेत. ही झाली मुलं. प्रत्येकाला स्वतंत्र बाक हवं. पण क चा वर्ग म-१२७ पेक्षा मोठा नाही, म्हणजे बाकं मुलांपेक्षा कमी पडतात. विरोध आला! म्हणून असा क असूच शकत नाही. विभाजक शोधला नाही, एकही भागाकार करून पाहिला नाही, आणि तरी तो नाही हे ठरलं.

आता व्यवहाराची अडचण. एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करायचा, तो सत्त्याहत्तर अंकांपर्यंत जातो, आणि मग त्याला एकोणचाळीस अंकी संख्येनं भागायचं, तेही सव्वाशे वेळा. इथे आपल्या प्राथमिक शाळेतला नवाचा ताळा धावून येतो. ९ ने भागून बाकी हवी असेल तर आपण भागत नाही, अंकांची बेरीज करतो. ९९९ ने भागायचं असेल तर उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे करून मिळवायचे. ७३४५१२ चे ७३४ आणि ५१२, बेरीज १२४६. पुन्हा १ आणि २४६, बाकी २४७. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, जिथे अंक ० आणि १ दोनच, तिथे म-१२७ म्हणजे ओळीनं १२७ एक. दशमानात ९९९ चं जे स्थान, तेच तिथे हिचं. त्यामुळे बाकी काढायला उजवीकडून १२७ वा अंक संपतो तिथे कापायचं आणि दोन तुकडे मिळवायचे. भागाकार नाहीच. लुकासनं यासाठी बुद्धिबळासारखा १२७ गुणिले १२७ घरांचा पट आखून प्याद्यांनी आकडेमोड करण्याची युक्ती सांगितली आहे. कोडी करणारा माणूस, त्याला सगळीकडे खेळ दिसायचा.

बिचारा १८९१ मध्ये गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. एका परिषदेच्या मेजवानीत बशी फुटून तिचा तुकडा गालाला लागला आणि जखमेत संसर्ग झाला.

त्याच १८७६ सालात लुकासनं म-६७ ला पण ही कसोटी लावली. शून्य आलं नाही. म्हणजे मेर्सेनचं ६७ चं उत्तर चुकलं होतं. पण विभाजक? लुकासला माहीत नव्हते. पुढची सत्तावीस वर्षं जगाला एवढंच ठाऊक होतं की एकवीस अंकी ही संख्या तुटते. मी शिकवत असताना हा भाग आला की दरवर्षी कुणी तरी हात वर करायचं, "बाई, तुटते तर तोडून दाखवा की!" हा हट्ट चुकीचा नाही. सिद्धता पटते, पण हातात काही येत नाही. 'या खोलीत दोन माणसं आहेत, पण कोण ते सांगता येत नाही' असं कुणी म्हणालं तर आपणही दार उघडून बघूच.

दार उघडलं फ्रँक नेल्सन कोल यांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत. एरिक टेंपल बेल यांनी तो प्रसंग लिहून ठेवला आहे. बेल गोष्ट रंगवून सांगायचे, तेव्हा तपशील थोडा सैल धरा. कोल उठले, एक शब्द न बोलता फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हातानं केला. दोन्हीकडे एकच आलं : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला असं बेलनं नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

आपण इथे ताळा करून बघू. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसरीची ६४, मग १०, मग १. गुणाकार १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. जुळलं. अर्थात ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही, दोन अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. त्यासाठी पूर्ण गुणाकारच करावा लागतो. आज संध्याकाळी ज्यांना वेळ आहे त्यांनी करावा, अर्ध्या तासाचं काम आहे. शोधायला तीन वर्षं, तपासायला अर्धा तास. हा जो फरक आहे, त्यावर आज बँकांची बरीच कुलपं चालतात. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं सोपं, गुणाकारावरून त्या परत मिळवणं महाकठीण. त्यासाठी म-१२७ मात्र घेत नाहीत. ती एवढी प्रसिद्ध आहे की चोर सर्वात आधी तिचीच किल्ली लावून बघेल.

पण तिच्या कुटुंबाचा गुण कामाला येतो. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी जी फुलं आणि सुविचार येतात, ते कुलूपबंद होऊन जातात. त्या कुलपाच्या गणितात २ चा २५५ वा घात वजा १९ ही मूळ संख्या आहे. ही मेर्सेन संख्या नाही, तिची शेजारीण. ती निवडण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे तोच ताळा : वरचा तुकडा कापा, १९ ने गुणा, खाली मिळवा, भागाकार टाळा. रोजचं 'सुप्रभात' या ताळ्यावर प्रवास करतं.

म-१२७ ही ज्ञात असलेली सर्वात मोठी मूळ संख्या म्हणून पंचाहत्तर वर्षं टिकली. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरच्या गणकयंत्राच्या मदतीनं चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केली, त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी एकोणऐंशी अंकी. त्या दुसरीची गंमत अशी की म-१२७ चा वर्ग, गुणिले १८०, अधिक १, अशी ती बनवली होती. म्हाताऱ्या राणीच्याच खांद्यावर चढून नवी राणी झाली. जानेवारी १९५२ मध्ये रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमनं एकाच दिवसात म-५२१ आणि म-६०७ सापडल्या. यंत्राविना, निव्वळ हातानं सिद्ध झालेल्यांमध्ये मात्र म-१२७ च आजही सर्वात मोठी मानतात.

कसोटी मात्र बदलली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सध्याची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली, घातांक १३६२७९८४१. ल्यूक ड्युरंट नावाच्या अमेरिकन तरुणानं अनेक देशांतले भाड्याचे संगणक वापरले. ११ तारखेला डब्लिनमधल्या यंत्रानं 'बहुधा मूळ' असा कौल दिला, १२ तारखेला टेक्सासमधल्या यंत्रानं लुकास-लेहमर कसोटी लावून शिक्कामोर्तब केलं. त्या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आपल्या स्मरणिकेच्या पानावर अडीच हजार अंक बसवले तर सोळा हजारांहून जास्त पानं लागतील. खजिनदारांनी घाबरू नये.

कुणी म्हणेल की तेरा कोटी पायऱ्या यंत्रानं केल्या, माणसानं एकही पाहिली नाही, मग आपली स्थिती मेर्सेनच्या वाचकांपेक्षा वेगळी काय? मला ती वेगळी वाटते. मेर्सेननं उत्तर दिलं, इथे रीत दिली आहे. तीच रीत निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं पुन्हा चालवून बघतात, मगच जाहीर करतात. तुमच्या घरच्या संगणकावरही ती चालेल, वेळ जास्त लागेल इतकंच. आणि ही कसोटी फक्त मेर्सेनच्या घराण्याला लागू पडते. कुठल्याही संख्येला लागू पडणारी, खात्रीची आणि वाजवी वेळात संपणारी रीत ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत सापडली. मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल, नितीन सक्सेना. त्यातले शेवटचे दोघं नुकतेच पदवीधर झाले होते. सिद्धता नऊ पानांची होती आणि त्यांनी ती सरळ जगासमोर मांडली, तपासा म्हणून.

शेवटी एक न सुटलेलं गणित. ही साखळी बघा. २ वरून म-२ म्हणजे ३. ३ वरून म-३ म्हणजे ७. ७ वरून म-७ म्हणजे १२७. १२७ वरून आपली फळ्यावरची संख्या. पाचही मूळ. लुकासच्या घोषणेनंतर कातालां या गणितज्ञानं ही साखळी दाखवून दिली. आता फळ्यावरची संख्याच घातांक म्हणून घेतली तर? येणारी संख्या मूळ आहे का? कुणालाही माहीत नाही. तिच्यात पाचावर सदतीस शून्यं एवढे अंक आहेत, ती लिहिणंच शक्य नाही. लुकासची कसोटी लावायची तर फळ्यावर आहे जवळपास तितक्या पायऱ्या. उदाहरणांवरून अंदाज बांधायचा मोह होतो. पण ८१९१, म्हणजे म-१३, मूळ आहे आणि तिला घातांक केलं की येणारी संख्या संयुक्त निघते, हे १९५३ मध्ये संगणकानं दाखवलं. तेव्हा साखळीवर पैज लावू नका.

आता त्या ८१९१ चंच काम तुम्हाला देते. घातांक १३, म्हणजे अकरा पायऱ्या, ४ पासून सुरुवात. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर चालेल. शेवटी शून्य येणार हे मी आत्ताच सांगून टाकलं आहे, त्यामुळे उत्तराला गुण नाहीत. कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा येईपर्यंत वेळ आहे, आणि सरांनी लाल पेन आणलंय.